खळ्याची माती

१२ जुलै २०२४

ही वही शेफालीनं दिली. पुण्याला तिच्या कॉलेजात कुणीतरी फुकट वाटल्या म्हणे. "आई, बियाण्याचा धंदा काढतेयस ना, मग रोजचं लिहून ठेवत जा," असं वर सांगून गेली. लेक शेती शिकायला लागल्यापासून आईला शिकवायला लागली आहे. रोज काय लिहिणार? सध्या भाताच्या चिखलातून पाय निघत नाहीत. काही घडलं की लिहीन.

आज बी वाटलं. दर रविवारी पायथ्याच्या पालीला राजगड चढायला येणाऱ्यांना मी चटणी विकते, तेव्हा पुण्याची माणसं "हे काळं जिरं का हो?" म्हणून विचारतात, तो हा कारळा. आमच्या घरचं बी खोऱ्यात नावाजलेलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई बयाबाईंनी, लग्न होऊन येताना माहेराहून आणलेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात वाडीतल्या प्रत्येक घराला आणि सासरी गेलेल्या प्रत्येक लेकीला आत्याबाईंनी स्वतः तांबड्या फडक्यात बांधलेली एकेक पुरचुंडी जाते. हे बी चाळायचं नाही, धुवायचं नाही. खळ्याची चिमूटभर माती त्यात राहिलीच पाहिजे. "खळ्याची माती संगं आसली की बी परक्या रानात बावरत न्हाई," असं आत्याबाई म्हणतात. यंदा माती जरा जास्तच दिसतेय, दाण्यादाण्यात बारीक खडे. कुणाचंच बी बावरणार नाही म्हणायचं!

वही माझीच आहे म्हणून एक लिहून टाकते. दोन वर्षांमागे अवकाळीनं खळ्यावरचा माल कुजला, तेव्हा आत्याबाईंचं निम्मं बी गेलं होतं. मी बाजारातून तीन किलो सुटं बी आणलं आणि गुपचूप मिसळलं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी अन्नपाणी सोडलं असतं. दाणा तसाच काळा, तसाच चकचकीत. कुणाला काय कळलं?

दुपारी माळावरचा गेणू धनगर त्याची पुरचुंडी न्यायला आला. शेळ्यांचा वास पायरीपर्यंत. फडकं सोडून त्यानं बी तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं, उजेडात धरलं. मग म्हणाला, "वैनी, आवंदा बी बारीक चाळणीनं चाळून घ्या. ह्यात कायतरी येगळंच दिसतंय." मी म्हटलं, "गेणूदादा, तुम्ही शेळ्या राखा. बी मी राखते." हसला आणि गेला. उत्तर बरं सुचलं. ओसरीत वाती वळत बसलेल्या आत्याबाईंना मात्र हसू आलं नाही. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

१८ ऑगस्ट

असलं काही मी जन्मात पाहिलं नाही.

सकाळी रतनबाई धावत आली. शेजारीण आहे, तिच्या धावण्याची मला सवय आहे, कोंबडी हरवली तरी अशीच येते. पण आज तिच्या तोंडाला कोरड पडली होती. मला ओढत रानात नेलं. गुडघाभर वाढलेल्या कारळ्यावर कुणीतरी शेवया वाळत घातल्यासारखं दिसत होतं. पिवळे दोरे. पान नाही, मूळ नाही, नुसते दोरे, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. एक ओढला तर कारळ्याची सालच निघून आली. त्याला बारीक तोंडं होती, झाडाच्या आत घुसलेली.

"मोहिनी, हे काय गं?" रतनबाई म्हणाली. शेफालीला फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, अमरवेल. दुसऱ्या झाडाचं रक्त पिऊन जगते. उपटून जाळा, एक तुकडा ठेवू नका.

रतनबाईचं अर्धं रान जाळलं. वर्षभराचं कारळ्याचं तेल तिच्या डोळ्यांसमोर धूर होऊन गेलं.

२३ ऑगस्ट

वाडीतल्या गोरखच्या रानातही निघाली. साळूबाईच्याही. आमच्या बांधावर चार-पाच दोरे आहेत. गेल्या वर्षीही बांधावर थोडे होते, मी रानवेल समजून उपटून फेकले होते. काढणी आटोपल्यावर दिसले होते, म्हणून कुणाला बोलले नाही.

संध्याकाळी शिवऱ्याला दिलेल्या पुतणीचा, वैष्णवीचा फोन. "काकी, आमच्या बांधावरच्या कारळ्याला पिवळं पिवळं लागलंय." हायवेला लागून असलेल्या शिवऱ्याला हे पोचलं कसं? वाऱ्यानंच गेलं असणार. असल्या अवदसेला काय, पंखच असतात.

२९ ऑगस्ट

गोरखनं शोध लावला. वाडीत कशाचाही शोध गोरखच लावतो, पण ह्या वेळी पटलं. रतनबाईच्या आणि त्याच्या, दोन्ही रानांत मे महिन्यात गेणूच्या शेळ्या बसवल्या होत्या, खतासाठी. शेफालीला विचारलं. ती म्हणाली, हो आई, शेळीनं खाल्लं तर ते बी लेंडीतून जिवंत पडू शकतं. पुढे ती आणखी काहीतरी सांगत होती, "पण आधी तुमचं बी..." एवढ्यात रेंज गेली. पुन्हा लावला नाही. जे हवं होतं ते कळलं होतं.

आम्ही सगळे माळावर गेणूच्या खोपटापाशी गेलो. तिथला प्रकार बघून तर मी हबकलेच. दरवर्षी आमचं बी घेणाऱ्या ह्या माणसानं यंदा कारळा पेरलाच नव्हता! त्याच्या जमिनीच्या तुकड्यात नुसती नाचणी. "बगा," गोरख म्हणाला, "ह्याला ठावं व्हतं. सवताचं रान वाचीवलंन, आमचं बुडीवलं." गेणूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसून शेळीच्या पायातला काटा काढत राहिला. इतका निगरगट्टपणा!

१५ सप्टेंबर

देवळात गावकी बसली. गेणूच्या बापापासून ते लोक माळावर आहेत, पण माळ गावकीचा. ठरलं, दसऱ्याआधी त्यानं माळ सोडायचा. कागद मी लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. "शेळ्यांमुळे विषारी वेलीचा प्रसार होऊन वाडीचे पीक नष्ट झाले." वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

गेणूला विचारलं, काही बोलायचंय का. तो म्हणाला, "बोलायचं ते बोलून झालंय." काय बोलला होता कुणास ठाऊक. अंगठा उठवला आणि गेला.

आत्याबाईंना गावकीला चला म्हटलं तर पाय दुखतात म्हणाल्या. सकाळी तर विहिरीवर जाऊन आल्या होत्या.

११ ऑक्टोबर

गेणू गेला. भोरच्या बाजूला, हिर्डस मावळात त्याच्या मेव्हण्याचा धनगरवाडा आहे, तिथे. टेम्पोत खोपटाचे पत्रे, बाज, भांडी, त्यावर त्याची म्हातारी शेळी बांधलेली. बाकीच्या शेळ्या घेऊन त्याची बायको आणि पोरगी चालत निघाल्या. टेम्पो आमच्या दारावरून गेला तेव्हा आमची पुरचुंडी मला दिसली. तांबडं फडकं, बाजेच्या खुराला बांधलेलं, गाठ तशीच. म्हणजे पेरलंच नव्हतं, पण टाकूनही दिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिकडे पेरणार असेल. त्या लोकांचं काही कळत नाही.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. टेम्पो वळणाआड गेला तरी उभ्या. आत येऊन म्हणाल्या, "त्याचा बाप माज्या लग्नात डफ वाजवत व्हता." मग दिवसभर जेवल्या नाहीत.

मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण चूक ती चूक.

९ डिसेंबर

यंदा वाचलेलं बी काढून झालं. आता धंद्याचं बघायचं. पाकिटावर आत्याबाईंचा फोटो टाकायचा, 'बयाबाई कारळा'. शेफाली म्हणते, विकायचं तर आधी तपासून घ्यावं लागतं. कोठीतल्या गेल्या वर्षीच्या आणि ह्या वर्षीच्या, दोन्ही बियांची पाकिटं तिच्याकडे पाठवली. तपासणीच्या प्रयोगशाळेत स्नेहल मॅडम म्हणून आहेत, त्या बघणार. मी चिठ्ठीत लिहिलं, मातीकडे लक्ष देऊ नका, ती आमची पद्धत आहे.

२० डिसेंबर

स्नेहल मॅडमचा फोन आला. बाई गोड बोलतात. म्हणाल्या, "मोहिनीताई, कारळा उत्तम आहे. पण तुम्ही जिला माती म्हणता, ती माती नाहीये."

मी हसले. म्हटलं, मॅडम, खळं मी स्वतः सारवते.

त्या म्हणाल्या, "तुम्ही घरीच बघा. ते बारीक खडे वेचून वाटीत पाण्यात टाका. माती असेल तर विरघळेल."

२१ डिसेंबर

विरघळली नाही.

सकाळी सगळे कामाला गेल्यावर कोठीतल्या बियातून बोटाच्या टोकानं एकेक खडा वेचला. मोहरीहून बारीक, मळकट तपकिरी, खरबरीत, कुठे चपटे कुठे गोल. खळ्याच्या मातीचाच रंग. पांढऱ्या वाटीत टाकले, वरून कोमट पाणी. थोडे खडे लगेच फुटले, पाणी गढूळ झालं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "बघा!" म्हणाले, घरात कुणी नसताना. मग गढूळ खाली बसलं. बाकीचे तसेच. दुपारपर्यंत तसेच. थोडे फुगले. एक नखानं फोडला तर आत पिवळट, गुंडाळी करून ठेवलेला दोरा.

दोरा. आत गुंडाळलेला.

मी खाली बसले ती उठलेच नाही. चूल विझली, मांजर दूध पिऊन गेलं, हाकललं नाही. रतनबाई, गोरख, साळूबाई, शिवऱ्याची वैष्णवी. मी मनात एकेक घर घेत होते आणि प्रत्येक घरात आमचं तांबडं फडकं होतं. शिवऱ्याला शेळ्या गेल्या नव्हत्या. पुरचुंडी गेली होती.

आणि बाजारातलं ते तीन किलो सुटं बी. मीच आणलं. मीच मिसळलं. मीच वाटलं. आणि कागदही मीच लिहिला, चांगल्या अक्षरात.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ द्यायला रतनबाई आली, गळ्यात पडली. माझे हात उचलले जाईनात.

कुणाला सांगितलं नाही. शेफालीला माहीत आहे, ती म्हणते सांग. मी म्हणते सांगते. बारीक छिद्रांची चाळणी आणली आहे. आत्याबाई देवळात गेल्या की बी चाळते. चाळणीखाली पडतं ते चुलीत घालते. तडतडतं. आत्याबाईंनी एकदा विचारलं, "कसला गं वास?" मी म्हटलं, जिरं जळलं.

असं केलं तर पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांना स्वच्छ बी जाईल. जे पडलं ते जुन्या रानात अजून बरीच वर्षं उगवत राहील, मॅडम म्हणाल्या, वीस वर्षंसुद्धा. पण उपटता येईल. कुणाला कळायची गरज नाही.

कळायची गरज नाही, हे मी लिहिलं आणि माझीच मला किळस आली.

२ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. माळावर गवत मातलंय, खायला शेळ्या नाहीत. खोपटाच्या जागी चार दगड उरलेत.

आज भात पेरताना एकदम डोळ्यांसमोर आलं, बाजेच्या खुराला बांधलेली ती पुरचुंडी. सगळ्यांचं बी मी चाळलं, त्याचं राहिलं! तो तिकडे पेरणार. परक्या गावात, परक्याच्या रानाला लागून. दोरे निघणार. आणि तिथले लोकही एक दिवस खोपटासमोर येऊन उभे राहणार.

फोन नंबर नाही. मागायची हिंमत कुणाकडे करू?

११ जून

गेले. यांना सांगितलं, भोरला बियाण्याचं काम आहे. खोटं नव्हतं. भोरहून एसटीनं हिर्डोशीकडे, पुढे दीड तास चढ. वाटेत तीन धनगरवाडे लागले, प्रत्येक ठिकाणी गेणूचं घर विचारलं.

गेणू दारातच भेटला. केस आणखी पिकलेत. मला बघून ना रागावला ना हसला. "या," म्हणाला. बायकोनं कोरा चहा दिला. पोरगी आत गेली ती बाहेर आली नाही.

मी श्वास न घेता सगळं सांगितलं. खडे, वाटी, बाजारचं बी. सांगून झाल्यावर म्हटलं, "गेणूदादा, ती पुरचुंडी पेरू नका, तेवढ्यासाठी आले. बाकी मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

तो उठला. खुंटीवरून पुरचुंडी काढून माझ्यासमोर ठेवली. गाठ तशीच. "ही व्हय? ही कशाला पेरीन. ह्यात त्या येलीचं बी हाय."

मला वाटलं मी चुकून ऐकलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पोरासोरालाबी कळंल. त्याच्या आदल्या वर्साला तुमच्या बांधावर ती येल शेळीनं तोडली. तिला बारकी बारकी बोंडं धरली व्हती. म्या चोळून बगितली. तसलंच बी पुरचुंडीत निगालं. म्हनूनशान म्या पेरलं न्हाई."

"मग फेकून का नाही दिलीत?"

"तुमच्या म्हातारीच्या हातची हाय."

रागच आला मला त्याचा, खरं सांगते. "मग बोलला का नाहीत? गावकीनं विचारलं तेव्हा तोंड का शिवून बसलात?"

गेणूनं माझ्याकडे पाहिलं. खोपटासमोर पाहिलं होतं, तसंच. "बोललो व्हतो, वैनी. आगुदरच. तुमच्या दारात हुबा ऱ्हाऊन, तुमालाच. तवा तुमी माजं आयकलं न्हाई, मग गावकी काय आयकनार व्हती?"

मला आठवेना. शपथ, मला काहीच आठवेना. मी म्हटलं, परत चला, मी सगळ्यांना सांगते. तो म्हणाला, "सांगा. पन म्या आता येत न्हाई. पोरीनं लई रडून माळ सोडला. तिला पुन्यांदा तितं न्हेऊन हुबी करू व्हय?" मग वाटेपर्यंत सोडायला आला आणि विचारलं, "म्हातारी बरी हाय न्हवं?"

१२ जून

ही वही उघडून मागची पानं पालथी घातली. शोधावं लागलंच नाही. पहिल्याच पानावर आहे. माझ्याच अक्षरात. "वैनी, आवंदा बी बारीक चाळणीनं चाळून घ्या."

आणि खाली मी लिहिलंय, उत्तर बरं सुचलं.

२२ जून

गावकी बसली. मीच बोलावली. आत्याबाई ह्या वेळी न बोलावता आल्या, काठी टेकत, बायकांच्या मागे बसल्या.

मी तोंडानं सांगायचं ठरवलं होतं, पण उभी राहिल्यावर शब्द फुटेना. म्हणून वहीच उघडली आणि १२ जुलैचं पान पहिल्यापासून वाचलं. खळ्याची माती वाचली. बाजारातलं तीन किलो बी वाचलं, तेव्हा मागे काठी पडल्याचा आवाज झाला. मी मान वर केली नाही. गेणू काय म्हणाला ते वाचलं. मी काय म्हणाले ते वाचलं. रतनबाई तोंडावर पदर घेऊन माझ्याकडे बघत होती, जणू मी कुणी दुसरीच बाई आहे.

शेवटची ओळ उरली होती. तीही वाचली. आत्याबाईंना हसू आलं नाही, हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

"कमी आयकू येत न्हाई मला," मागून आवाज आला.

सगळे वळले. आत्याबाई खांबाला धरून उभ्या होत्या.

"मला कवाच कमी आयकू आलं न्हाई. गेणू काय बोलला ते म्या त्या दिशी समदं आयकलं. माज्या बियाला नाव ठिवलंन, म्हनून म्या गप बसले."